टपालाचा पट

घाटंजीच्या जिनिंगमध्ये काटाघराला लागून माझं ऑफिस.
जुना संगणक, त्यात नऊ वर्षांचे मेल,
कीबोर्डच्या फटींत रुई.
शेठ म्हणाले, दोन-दोन प्रोग्राम कशाला?
लवकर चालते ते ठेवा.

वेळ मोजायला उकंडराव पेटकुले आले.
शंकरपटात घड्याळ धरणारा माणूस,
सेकंदाच्या शंभराव्या भागावरून
डोकी फुटताना पाहिलेला.
"नावं काय म्हन्ते बैलाईचे?"
मी सांगितली. त्यांना पसंत पडली नाहीत.
निळ्या चिन्हाचा तो पाखऱ्या,
पिवळ्या लिफाफ्याचा मंगळ्या.
"हं. सोड आता."

उघडायला पाखऱ्या चार पूर्णांक एकतीस.
मंगळ्या अकरा, त्यातही मधेच पांढराफटक पडला :
प्रतिसाद देत नाही.
"दम लागला त्याले. पानी दाखव."
मेल उतरवताना पंखा बंद ठेवला,
इन्व्हर्टरवर सगळ्यांचं भागत नाही.
दोनशे चौदा मेल, लॅबचे रिपोर्ट,
धाग्याची लांबी, ओलावा, कचरा.
पाखऱ्या पुन्हा पुढं.
मेमरी मात्र मंगळ्यानं दुप्पट गिळली.
"खाते जास्त, पयते कमी. बाजार दाखव त्याले."

शेवटचा फेरा शोधाचा.
या ऑफिसात ज्याच्याशिवाय दिवस जात नाही
तो शब्द मी टाइप केला : गाठ.

पाखऱ्या, शून्य पूर्णांक नव्वद.
गाठी, गाठी, गाठी,
पट्टी तुटलेल्या, वजनात कमी भरलेल्या,
ट्रकवर चढलेल्या, कोइमतूरला भिजून पोचलेल्या.
सहा हजार एकशे बारा.

मंगळ्याचं चक्र फिरत राहिलं.
उकंडरावांनी एका हातानं तंबाखू मळली.
सव्वीस सेकंदांनी आकडा आला :
सहा हजार एकशे तेरा.

पाखऱ्या मसुद्यांत शिरत नाही.
हा शिरला होता.
तळाशी एक होता, भोयरबाबूंचा,
माझ्याआधी या खुर्चीवर बसायचे ते.

'साहेब, मंडळीच्या छातीत गाठ निघाली आहे.
उद्या सेवाग्रामला नेतो. चार दिवस सु'

एवढंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन दहा.
तीनला आमच्या फीडरची लाइट जाते.
तेव्हा इन्व्हर्टर नव्हता.

हजेरीचं बुक माझ्याच खणात असतं.
त्या आठवड्यावर लाल शाईनं आडवं लिहिलंय,
न सांगता गैरहजर.
त्याच पानावर दोन ओळी खाली
माझं नाव सुरू होतं.

शेठ दारातून, "काय, कोन पुढं?"
"पाखऱ्या," उकंडराव म्हणाले. "साऱ्या फेऱ्यात."
खरं आहे ते. मी आकडे उतरवून दिले.
खाली लिहिलं, मंगळ्या काढू नये.
कारणाचा रकाना तसाच सोडला.

ते गेल्यावर परत मसुदा उघडला.
कर्सर 'सु'पाशी लुकलुकत होता.
लाइट होती.
मी 'ट्टी' लिहिलं.