कारणाचा रकाना

बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारतो
आणि थांबतो.
शिंक यावी यावी आणि येऊ नये, तसा.

"वीज आहे ना काका?" दुर्वा विचारते,
कारण आज गुरुवार,
आणि घोरपडीत गुरुवारवर कुणी विश्वास ठेवत नाही.
वीज आहे. छताचा पंखा पूर्ण फेरे मारतोय,
मुद्दाम, दाखवून दाखवून.

सात महिने एकेक भाग जमवलाय पोरीनं
शिकवणीच्या पैशांतून (चौथीची तीन मुलं, तिघंही पाढ्यांत कच्ची),
तापकीर गल्लीत घासाघीस करून.
मला बोलावलं, कारण माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर चांगले
आणि एकतीस वर्षं मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो.
कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही.
न चालणाऱ्या वस्तूंमधलं कळतं.

अर्ध्यात तोड, मी म्हणतो.
फॉल्ट या बाजूला की त्या, एवढंच विचार.
दोषी निघेल ती बाजू पुन्हा अर्ध्यात.
ती वहीत लिहिते:
८.४० ग्राफिक कार्ड काढलं. तेच.
८.५५ एक रॅम काढली. तेच.
९.१० रॅम दुसऱ्या खाचेत. दोन्हीकडे टक् वाजलं. तेच.
९.३० काकांनी चहा मागितला.

दहाला मी रॅमला दोष दिला,
सव्वादहाला दुकानदाराला,
साडेदहाला, सांगायला लाज वाटते, तिला:
"प्रोसेसर बसवताना जोर केलास का?"
ती बोलली नाही. नखाजवळचं साल ओढत राहिली.
मग समोरून आईची हाक आली, उद्या कॉलेज आहे.
माझ्या जेवणाच्या टेबलावर सगळं तसंच सोडून गेली.

शेडमध्ये डिझेल इंजिन घुमत होतं.
ते थांबलं तरच मला जाग येते, पण आज झोपच नव्हती.
सगळं बाहेर काढलं. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला,
दोन काट्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं,
पंखा फिरला. फिरतच राहिला.
तीस रुपयांचा स्पीकर एकदाच चिवकला.

म्हणजे बाहेर चालतं.
घरात घातलं की मरतं.

टॉर्च दातात धरून रिकाम्या कॅबिनेटमध्ये वाकलो.
पितळेच्या नऊ खुंट्या, बोर्डाच्या नऊ भोकांसाठी.
आणि दहावी, जिच्यावर भोक येत नाही,
सरळ बोर्डाच्या पाठीला टेकणारी.
अर्थ फॉल्ट. आयुष्यभर हेच तर शोधलं.
दहावी मी लावली होती.
पुडीत एक उरली होती, वाया कशाला घालवायची;
म्हटलं, तेवढाच आधार.

खात्यात फॉल्टचं रजिस्टर असायचं.
शेवटचा रकाना: कारण.
तिथं मी किती उंदीर लिहिले!
पाणी, गंज, उंदीर.
वाल्ह्याला एक नट मीच ढिला सोडला होता,
तोही एका उंदराच्या नावावर आहे.

खुंटी खिशात टाकता आली असती.
सकाळी म्हणता आलं असतं, बघ, झालं बुवा चालू,
होतं कधीकधी असंच.
तिला पटलंही असतं.
आणि पुढं कित्येक वर्षं
प्रोसेसर बसवताना तिचा हात चाचरला असता.

बोर्ड परत बसवला, नवावरच.
वही उघडी होती. तिच्या शेवटच्या "तेच"खाली लिहिलं:
१.२० दहावी खुंटी काढली. चालू.
मग पट्टी नव्हती म्हणून स्क्रूड्रायव्हर धरून
उभी रेघ ओढली, रकाना केला.
कारण: काका.

पडद्यावर एक पांढरी ओळ आली होती,
जागा झालोय, पण आत काहीच भरलेलं नाही, अशा अर्थाची.
ते ती बघेल.
वहीचं पान फडफडत होतं,
त्यावर खुंटी ठेवली.