किर्द

सियागंजात मिरचीची पोती उतरत,
म्हणून आमची खिडकी बंदच असायची.
खकाणा आत नको, एवढीच काळजी.
आत आम्ही दोघं, समोरासमोर टेबलं.
भुसकुटेसाहेब बेरीज मोठ्यानं करत
आणि हातचा विसरला की
एक पेटवत.

एमवायमधली पोरगेलीशी डॉक्टर विचारते,
किती वर्षं ओढता?
मला हसू येतं. हसताना दुखतं.
आमच्या घरात तपकिरीलासुद्धा बंदी होती, बाई.

ती लिहिते : धूम्रपान नाही.
मग फिल्म उजेडासमोर धरते
आणि लिहिलेल्याकडे परत एकदा बघते.

मला हिशेबाची खोड.
रोजच्या अकरा. मार्चअखेरीस पंधरा.
एकोणीस वर्षं, रविवार वजा.
खरेदी त्यांची,
नावे पडलं माझ्या.
अशी चूक मी किर्दीत एकदाही केली नव्हती.

लेक म्हणायची, आई, तुला ऑफिसचा वास येतो.
साडी मी गच्चीवर टाकायची, रात्रभर.
छाती कुठे वाळत घालणार?

काल ते आले भेटायला. ठणठणीत.
हातात लौंगसेवेचा पुडा.
पंख्याकडे बघत म्हणाले,
तुमच्याशिवाय ताळेबंद जुळत नाही हो.
मग खिसा चाचपत उठले,
पाच मिनिटांत आलो.

म्हटलं, जाताना
खिडकी तेवढी उघडा.

उघडली. कडी गंजलेली होती.
थोड्या वेळानं खाली दिसले ते, लिंबाखाली,
तान्हं खांद्यावर घेतलेल्या कुणा बाईशेजारी,
काडी वाऱ्यापासून
ओंजळीत जपत.