थकबाकी

सोहारला सकाळी आठला माझा वर्ग भरतो.
बाहेर चाळीस अंश, आत एसीने काकडलेल्या मुली
अबायाच्या बाह्यांत बोटं लपवून बसतात.
पुस्तिकेत विषयाचं नाव 'शरीराचा इतिहास'.
'उत्क्रांती' हा शब्द विभागप्रमुखांनी
हळूच पान चारवर सरकवला आहे,
ताटातली मिरची कडेला काढून ठेवावी तसा.

मी पाठीपासून सुरुवात करते.
कंबर कोणाकोणाची दुखते?
आडवा वासा उभा करून त्याचा खांब केला
की तो कुरकुरणारच.
मग घसा : घास आणि श्वास एकाच चौकातून जातात,
सिग्नल नाही.
"दक्तूरा, आमच्या गावचा राउंडअबाउट!" हुमैद म्हणतो.
हसतात. हसताहेत तोवर पुढचं शिकवून घ्यावं,
एवढं मी वीस वर्षांत शिकले.
मग ताप. ताप म्हणजे शत्रू नव्हे,
डास हाकलायला आपणच केलेली धुरी,
आपल्याही डोळ्यांत जाणारी.

सहाव्या आठवड्यात मी फळ्यावर विळा काढते.
किनाऱ्याच्या खजूरबागा, फलजचं संथ पाणी, डास.
आणि रक्तातलं एक अक्षर चुकलेलं.
चुकीची एक प्रत असली
तर हिवताप यायचा, पण जीव घेऊन जायचा नाही, सहसा.
दोन असल्या, तर पेशीच विळा होते,
आणि—
इथे मी नेहमी पाणी पिते.

जुवैनाने हात वर केला नाही, नुसतीच बोलली.
गेल्या महिन्यात ती तीन आठवडे नव्हती,
हजेरीपटावर मी 'कारण माहीत नाही' लिहिलेलं.
"दक्तूरा, हिवताप तर गेला.
माझ्या आजोबांनीच घालवला, पाठीवर पंप घेऊन
बातिनाभर हिंडायचे.
मग माझी हाडं अजून कोणाचे पैसे फेडताहेत?"

प्रोजेक्टरचा पंखा ऐकू यायला लागला.
उत्तर होतं माझ्याकडे, तयार, स्लाइड एकतीस :
निसर्गाची निवड मागे बघत नाही,
पुढेही बघत नाही, सरासरी काढते.
मी ती लावली नाही.

सांगितलं ते अभ्यासक्रमात नव्हतं.
माझे वडील हिवताप कर्मचारी, भंडारा जिल्हा.
सायकल, काचपट्ट्यांचा डबा,
आणि घराघराच्या भिंतीवर पेन्सिलीने
भेटीची तारीख. खाली सही.
आमच्याही भिंतीवर, इतरांच्यासारखीच,
जणू ते आमच्याकडे दर पंधरवड्याला पाहुणे येत.
तलाव, धान, डास.
माझ्यात एक प्रत आहे.
भावात दोन होत्या.
'होत्या'चं व्याकरण सगळ्या वर्गाला समजलं.

मग मला राहवलं नाही, म्हटलं, हे बघ,
तुझ्या विळ्याच्या आजूबाजूची अक्षरं
आणि माझ्या विळ्याच्या आजूबाजूची
जुळतात. आफ्रिकेतल्यांशी नाही जुळत, आपसांत जुळतात.
बहुधा कुठल्या तरी एकाच माणसाकडून आली.
समुद्राच्या या काठावरचा की त्या, माहीत नाही.
त्याला रहिवासी कार्ड लागलं नसावं.

"म्हणजे तुम्ही माझ्या खाला," जुवैना म्हणाली.
"मग हिला पाच गुण जास्त मिळणार!" हुमैद.
पुन्हा हसले. तीही हसली,
उजवा गुडघा टेबलाखाली दाबून धरत.

प्रश्न राहिलाच.
परीक्षेचा पेपर काढताना मी तो घातला, दहा गुणांना,
आणि खोडला,
कारण शेजारी आदर्श उत्तराचा रकाना असतो.

आज हजेरीपट पूर्ण करायला बसले.
'कारण माहीत नाही' रबराने पुसलं.
त्या जागी काय लिहावं ते सुचेना.
वडील लिहायचे तशी
नुसती तारीख लिहिली,
खाली सही.