दोन पावतीपुस्तकं

माझ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर दोन पावतीपुस्तकं असतात,
निळं फुजैराहचं, पिवळं शारजाचं.
दिब्बा तसं गाव एकच,
पाठीशी उघडाबोडका डोंगर, पुढ्यात समुद्र.
पण त्याचे तुकडे तीन,
आणि त्यातल्या दोहोंत मी
झुरळं, वाळवी, उंदीर मारतो.

सीमा कुठे आहे हे मला कुणी दाखवलं नाही.
फुटपाथच्या कडेचा रंग बदलतो,
कचरापेटी बदलते, विजेच्या बिलावरचं चिन्ह बदलतं,
बस्स.
फाटक नाही, पोलीस नाही,
एक मांजर झोपलेलं असतं, शेपूट इकडे, मिशा तिकडे.

उम्म खलफानच्या घरामागून गटार निघतं ते फुजैराहमध्ये,
संपतं हिस्नमध्ये, तिच्या बहिणीच्या मोरीपाशी.
त्यात उंदीर झाले.
निळ्या ऑफिसातला हमदान म्हणाला,
तोंड तिकडे आहे ना? मग तिकडे जा.
पिवळ्या ऑफिसातल्या मौझाबाई म्हणाल्या,
उगम तिकडे आहे ना?
एकोणीस दिवस. दोन अर्ज, चार फोटो,
एक नकाशा, तोही मीच काढलेला.
दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात आमच्या कुडाळात.
इथे पाहुणा मी.
उंदीर दोन्ही घरी जेवत होता.

मग वर राजधानीला लिहू का? मी शिहाबला विचारलं.
तो पंप साफ करता करता हसला :
राजधानी सैन्य बघते, पासपोर्ट बघते, नोटा छापते.
तुझा उंदीर तिच्या यादीत नाही, तोरसकर.

माझा व्हिसा आहे तिच्या यादीत. परवाना नाही.
माझं इथे असणं तिकडून मंजूर,
माझं काम इकडून.
मधल्या जागेत मी फवारा मारत असतो.

खोटं कशाला बोलू, याच गावात एक गंमतही पाहिली.
हिस्नने पायाने उघडायच्या झाकणपेट्या आणल्या,
तेव्हा निळं ऑफिस खो खो हसलं.
वर्षाने पलीकडचे उंदीर निम्मे झाले
आणि निळ्यांनी गुपचूप तशाच मागवल्या,
रंग तेवढा वेगळा.
सगळं एकाच टेबलावर ठरलं असतं
तर चुकलंही असतं सगळं एकदमच.

आणि ती ऑगस्टमधली रात्र.
फुजैराहकडची वीज गेली, हिस्नकडे लख्ख.
उम्म खलफानचा फ्रीझर सुरमईने गच्च भरलेला.
बहिणीने खिडकीतून वायर टाकली,
गल्ली ओलांडून, मांजरावरून.
नियमात बसतं का, विचारू नका.
मीच टेप लावली.

तिसरी बहीण उत्तरेला, ओमानच्या दिब्ब्यात.
तिचा गच्चीवरचा दिवा इथून दिसतो.
तिथवर वायर जात नाही.
तिथे कुंपण, शिक्का, रांग,
ईदच्या दिवशी गाडीची डिकी उघडून दाखवायची.
या दोघी पाण्यावरून, पार्किंगवरून, उंदरावरून
रोज कचाकचा भांडतात,
तिच्याशी मात्र कधी भांडण होत नाही.
उम्म खलफान त्याचंच वाईट वाटून घेते.

विसाव्या दिवशी दोन्ही ऑफिसं एकदम आली.
दोन गाड्या, दोन शिक्के, एकच गटार.
मी आमिष ठेवलं, जाळी ठोकली.
एक मोठा घूस निसटला, सरळ उत्तरेला,
कुंपणाखालून, कुणालाही न विचारता.

बिल झालं एकशे पंचाहत्तर दिरहम.
निळ्यावर सत्त्याऐंशी लिहिले, पिवळ्यावर सत्त्याऐंशी.
नोटा दोघांच्याही सारख्याच होत्या.
उरलेल्या एका दिरहमचं पत्र
अजून फिरतंय.