अर्धी

कबदला फेब्रुवारीत पहाटे वाळू
पाट्या-वरवंट्यासारखी गार असते.
तिजानी बॅटरी धरतो, मी मेंढी बसवतो:
ढुंगणावर, पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवून.
मग ती पाय सोडून देते,
न्हाव्यापुढं बसवलेल्या पोरासारखी.

गाभण असली तर एक वेळ चारा चुकवायचा,
दोन वेळा नाही.
विण्याआधी महिनाभर कातरावी,
सड मोकळे होतात,
कोकराच्या तोंडात लोकरीची गाठ येत नाही.
शेवटच्या आठवड्यात हात लावू नये.
हे म्हाकूबानं शिकवलं, जतच्या माळावर,
निम्मं शिव्या देऊन.

पण इथं मेंढा कधी सोडला
ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं,
आणि शुक्रवारी बू फलाहचे पाहुणे येणार होते.

कातर आडवी, कातडीला लागून.
डाव्या हातानं कातडी ताणत जायचं,
सुरकुती राहिली की रक्त.
कासेपाशी सड बोटांत झाकायचे,
तिथं डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचं.
एकाच जागी दोनदा चालवली तर लोकरीचा भुसा होतो.
इथं सगळा भुसाच.
लोकर पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत जाते.
पहिल्या वर्षी मी त्या गाडीमागं
चार पावलं गेलो होतो.

ठिपक्या कानाची नईमी.
डावी बाजू झाली, उजवीकडं वळवणार,
तर तिनं दात खाल्ले,
उठली, वाळू उकरली.
"खल्लीहा," तिजानी म्हणाला, "सोड तिला."
कातर खाली ठेवली.

पुढचे पाय आले, मग नाक,
मग सगळं एकदम, गरम, वाफाळतं.
नाळेतून रक्त थांबेना.
आयोडीन होतं, दोरा नव्हता.
पायाशी तिचीच लोकर पडलेली.
चिमूटभर उचलली, मांडीवर तळव्यानं पीळ दिला.
सहा वर्षांत सूत काढलं नव्हतं.
हात मला न विचारता वळले.
दोन गाठी मारल्या.

शुक्रवारी बू फलाह पाहुण्यांसमोर हसला,
"ही काय फॅशन?
उरलेली कधी?"
म्हटलं, महिन्यानं.
"तोवर अशीच?"

उत्तरेचा वारा सुटला होता.
कोकरू कुठल्या बाजूला झोपलंय
ते मी त्याला दाखवलं.