पासंग

हाडांचा वॉर्ड, खाट अकरा.
यादोराव बुळे, वय एकाहत्तर.
इंदूरच्या छावणी मंडीत चाळीस वर्षं तुलावटी :
पोती तोलायची, आकडा पुकारायचा.
खुबा मोडलाय. परवा सळई घातली.

तक्त्यात एक रांग नवी आलीय.
ताप, नाडी, रक्तदाब, श्वास,
आणि त्यांच्या शेजारी नव्या सुनेसारखी अवघडून
वेदना. शून्य ते दहा.
"किती दुखतंय, बाबा?"
"दोन."
मी दोन लिहिते.
पहाटे दोन, दुपारी दोन, रात्री दोन.
राउंडला डॉक्टर परमार पान उलटतात :
"बढिया. आराम में हैं."
इंजेक्शनपुढे लिहिलेलं असतं – गरज पडल्यास.

गरज इथे कोणाला पडते?
जो ओरडतो त्याला.
खाट सात ओरडतो. त्याला मिळतं, बोलण्यांसकट.
खाट नऊ उशीत तोंड खुपसतो.
त्याला सगळे म्हणतात, समजूतदार.
माझ्या आईलाही म्हणाले होते, गुणाची बाई,
शेवटपर्यंत हूं की चूं नाही.
मी ते कौतुक समजले होते.

तिसऱ्या रात्री मला तांब्या दिसला.
सकाळी भरलेला, तसाच काठोकाठ.
"पाणी का नाही प्यालात?"
ते भिंतीकडे बघत राहिले.
"प्यालं की भांडं लागतं, बाई.
भांडं लागलं की कंबर उचलावी लागते."

मी पेन खिशात ठेवलं. स्टूल ओढलं.
म्हटलं, कुशीवर वळा. माझा हात धरा. आता सांगा.
ते वळले, वीतभर.
ओठ आत गेले.
माझ्या मनगटावर चार बोटांचे वळ उठले.
आणि म्हणाले, "तीन घाला."

"तीनच?"
"तुलावट्यानं काट्याला बोट लावू नये.
तरुणपणी मुनीम म्हणाला होता, पारडं जरा दाब.
नाही दाबलं.
तेव्हापासून शंका आली की कमीच सांगतो.
जास्त सांगितलं आणि तेवढं नसलं तर?
औषध दुसऱ्या कोणाच्या वाट्याचं."

माझ्या वडिलांचं मल्हारगंजात किराण्याचं दुकान होतं,
म्हणून सुचलं असेल.
"बाबा, रिकामी पारडी सारखी नसली
तर आधी काय बघता?"
"पासंग."
"मग तुमच्या एका पारड्यात आधीपासून धोंडा आहे,
संकोचाचा. तो उतरवा. मग तोला."

बराच वेळ फक्त पंखा बोलत होता.
मग हळूच, चोरी कबूल करावी तसे :
"आठ.
आणि कळ नाही ही. ठणका आहे.
पोतं शिवताना दाभण खुपसावा
आणि बाहेर काढायचं विसरून जावं, तसा."

मी आठ लिहिलं.
शेजारी, जिथे रकाना नव्हता तिथे :
ठणका. वळताना. दाभण.

पावणेदोनला डॉक्टरांना उठवलं.
ते रांग वाचत राहिले : दोन, दोन, दोन, आठ.
"अचानक?"
"अचानक नाही, सर.
आपण पडून राहिलेल्या माणसाला विचारत होतो."
त्यांनी 'गरज पडल्यास' खोडलं.
लिहिलं : दर सहा तासांनी.
मग कपाटाच्या दोन किल्ल्या, दोन सह्या.
एवढ्याशा कुपीला केवढे दरवाजे.

अर्ध्या तासाने मी परत गेले.
परत जाणं तक्त्यात छापलेलं नाही.
"आता?"
डोळे मिटून त्यांनी तोललं, खरंच तोललं,
उजवा तळवा पांघरुणावर किंचित वर, किंचित खाली.
"साडेतीन."
साडेतीनला चौकट नाही.
दोन चौकटींमधल्या रेघेवर लिहिलं.

उजाडलं तेव्हा तांब्या अर्धा झाला होता.

खाट चौदाच्या गळ्यात नळी आहे,
तो काही पुकारू शकत नाही.
ड्यूटी संपली तरी मी तिथे उभी,
त्याच्या मुठीत चादर किती गोळा झालीय
ते बघत.