खर्ज

घरी पोचलो तेव्हा शशिकला म्हणाली,
एक चप्पल कुठे टाकलीत?
खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी,
अंगठ्याखाली काच, लादीवर रक्ताचे ठसे
पार दारापासून.
मार्दोळच्या देवळापासून चालत आलो होतो मी,
आणि मला पत्ता नाही.

रात्री मात्र तोच पाय जागा होतो.
दिवसभर ठार बहिरा,
अकरा वाजले की तळव्याला हुमले,
काजूवरून झाडून आणून सोडल्यासारखे.
चादरीचं टोक लागलं तरी निखारा.
मग उठून बसतो, गार लादीवर पाय टेकून.
गार आहे हे डोक्याला माहीत असतं, एवढंच.

बांबोळीला डॉक्टर म्हणजे लहानशी मुलगी,
कोट मापापेक्षा मोठा, छातीवर नाव: कुलासो.
साखर? थायरॉइड? दारू?
हुर्राक, म्हटलं, फक्त हंगामात.
हंगाम किती महिने चालतो?
शशिकला खिडकीबाहेर बघू लागली.
ॲसिडिटीच्या गोळ्या किती वर्षं?
बारा असतील.
धंदा?
पेट्या दुरुस्त करतो. हार्मोनियम.
सुरांच्या पट्ट्यांना शिशाचा डाग देता?
चाळीस वर्षं देतोय.
तारेचा तुकडा ओठांत धरून.
ती लिहीत राहिली.

मग कोपरामागची नस बोटांनी चाचपली,
दोरीसारखी जाडबीड झालीय का बघायला.
म्हटलं, नाव कुष्टा आहे म्हणून?
हसली नाही. सगळ्यांची बघते, म्हणाली.
तुमची ठीक आहे.
सुटलेला श्वास शशिकलेचा होता.

डोळे मिटा. लागलं की हो म्हणा.
हातात तिच्या तंगूस, गरीला बांधतात तसला.
मी सहा वेळा हो म्हटलं.
तिने नऊ वेळा टेकवला होता,
आणि माझे बरेचसे हो
नुसतेच हवेला.

आणि मग तिने खिशातून काढला नादकाटा.
माझ्या धंद्याचं हत्यार, तिच्या हातात!
तळहातावर आपटून अंगठ्याच्या हाडावर ठेवला.
थरथर कळते?
नाही. पण ऐकू येतोय.
पांढरी एकच्या खाली आहे तुमचा काटा,
केसभर उतरलेला.
ती पहिल्यांदाच थांबली. काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
घोट्यावर: नाही.
नडगीवर: नाही.
गुडघ्यावर
आला,
भिंतीपलीकडे कुणी तंबोरा लावतंय तसा.

आठवड्याने विजेचे झटके.
पडद्यावर हाताची लाट उभी राहिली,
पायाची आली उशिरा, आणि आली ती
चेपलेल्या टोपीसारखी.
लांब नसा आधी थकतात, ती म्हणाली,
म्हणून पायापासून सुरुवात,
मग मोज्यासारखं वर चढतं.
जन्मात मोजे घातले नाहीत मी.
पेटीतही लांब पट्टी ती खर्जाची, म्हटलं,
पण तिथे मला पेटी उघडता येते.

कारण?
बी-बारा फार कमी. साखर कुंपणावर बसलेली.
शिशाचा रिपोर्ट यायचाय.
कधीकधी काहीच सापडत नाही, म्हणाली,
आणि हे सांगताना नजर चुकवली नाही,
म्हणून मी तिची इंजेक्शनं घेतो,
रात्रीची गोळी घेतो,
आणि रोज संध्याकाळी जमिनीवर आरसा ठेवून
स्वतःच्या तळव्यांचं दर्शन.
डागाचं काम पोराकडे दिलंय. वाईट करतो.

एक काटा माझ्याकडेही आहे, वडिलांचा,
बेळगावहून आणलेला, दांड्यावर गंज.
झोपण्याआधी तो गुडघ्याखाली टेकवतो,
मग एक बोट खाली,
मग आणखी एक,
आणि नाद जिथे हाड सोडून नुसता कानात उरतो
तिथे नडगीवर पेन्सिलची रेघ.

कसलं माप घेताय? शशिकला विचारते.
पेटीचं गे.

काल रेघ होती तिथेच आहे.
किंवा तांदळाएवढी खाली.
पेन्सिलीला टोक नव्हतं.